नव्याने बांधलेल्या इंजिनाची पहिली वीस मिनिटे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांनी संपते आणि तपासणी होऊन ती पुढे ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. त्या सुमारास गाडी काढून टाकावी की तिचे इंजिन उतरवून नव्याने बांधून घ्यावे, हा विचार अनेक घरांत चालतो आणि बरेच जण इंजिन बांधून घेण्याचा मार्ग धरतात. मारुती ८०० आणि ओम्नी अजूनही गावोगावी राबत आहेत, हौसेने जपलेल्या प्रीमियर पद्मिनी आहेत, जीपगाड्या आहेत. या सगळ्यांच्या मालकांसाठी आणि त्यांच्या मेस्त्रींसाठी हे पत्र लिहीत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून मी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्यांकडे आणि गॅरेजांत माझे येणे-जाणे सुटलेले नाही. तिथे जे नेहमी दिसते त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, आपल्याकडे इंजिन बांधणारे हात चांगले आहेत, मात्र बांधलेले इंजिन पहिल्यांदा चालू करणे हा बांधणीचाच शेवटचा भाग आहे, ही गोष्ट मानली जात नाही आणि मालकाने खर्च केलेल्या रकमेतला मोठा वाटा तिथेच वाया जातो.

सिलेंडर बोअर करून (आतून कापून मोठा करून) आणला, पिस्टन-रिंगा नव्या पडल्या, क्रँक (पिस्टनांच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड झाला, हेड बसले की काम संपले असे समजले जाते. संध्याकाळ झालेली असते, मालक गाडी न्यायला येऊन उभा असतो, नारळ आणि लिंबू-मिरची आणलेली असते आणि सेल्फ मारला जातो. नवे इंजिन घट्ट असते, त्यामुळे सेल्फने ते उचलले नाही तर चार जण धक्का देतात किंवा दुसऱ्या गाडीला दोर बांधून ती ओढतात. मायक्रोमीटरने मापे घेऊन, रात्री जागून केलेल्या कामाचे पहिले मिनिट असे कोरडे जाते. नंतर दोन-तीन महिन्यांत सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला किंवा खालून ठोका ऐकू येऊ लागला, की दोष पिस्टनच्या कंपनीला, लेथवाल्याला किंवा ड्रायव्हरला दिला जातो.

कोरडे का म्हणतो, ते सांगतो. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग) आणि बेअरिंगचा शेल (त्याभोवतीची अर्धगोल पट्टी) यांच्यात छोट्या मोटारींत साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर एवढीच फट ठेवलेली असते. चालू इंजिनात या फटीत दाबाखाली ऑइल शिरते आणि ओल्या रस्त्यावर जोरात निघालेली गाडी जशी पाण्याच्या थरावर उचलली जाते, तसे जर्नल त्या ऑइलवर उचलले जाऊन फिरते. धातू धातूला लागत नाही. रोजच्या वापरातली गाडी रात्रभर उभी राहिली तरी ऑइलच्या मार्गांत, फिल्टरमध्ये आणि पंपात ऑइल शिल्लक असते, म्हणून सकाळी दाब पटकन येतो. नव्याने बांधलेल्या इंजिनात हे सगळे मार्ग धुऊन, हवा मारून कोरडे केलेले असतात, फिल्टर रिकामा असतो आणि पंपाचे दातेही कोरडे असतात. कोरड्या पंपाला चेंबरमधून (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतून) ऑइल ओढायला जोर येत नाही, तो नुसती हवा फिरवत राहतो. अशा वेळी इंजिन पेटून मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांनी फिरू लागले, तर शेलवर बसवताना बोटाने लावलेले ऑइल किती वेळ पुरणार? असे शेल खोलून हातात घेतले, की वरचा राखाडी थर पट्ट्यापट्ट्यांनी गेलेला आणि खालचा तांबूस थर उघडा पडलेला दिसतो. हे शेल जुने नसतात. बांधणीला दोन-तीन महिनेच झालेले असतात.

म्हणून पहिला नियम असा की, ऑइलचा दाब आधी आला पाहिजे आणि इंजिन नंतर पेटले पाहिजे. हे करायला महागडे यंत्र लागत नाही. पंप बसवताना त्याच्या दात्यांमधली जागा साध्या व्हॅसलिनने भरावी. ते ऑइलमध्ये विरघळते आणि पंपाला पहिल्या फेऱ्यापासून ओढ मिळते. त्या जागी बेअरिंगचे घट्ट ग्रीस कधीही भरू नये, कारण ते विरघळत नाही आणि बारीक मार्गांत अडकून बसते. फिल्टर उभा बसत असेल तर तो ऑइलने भरूनच लावावा. त्यानंतर ऑइलच्या दिव्याचा स्विच काढून त्या जागी दाब दाखवणारे घड्याळ बसवावे. मी घड्याळाचा आग्रह धरतो, कारण बहुतेक गाड्यांत अर्ध्या किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास किंवा त्याहूनही कमी दाबाला दिवा विझतो. दिवा विझला म्हणजे पुरेसा दाब आला असे नव्हे. ज्या जुन्या इंजिनांत ऑइल पंपाचा दांडा डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या) भोकातून फिरवता येतो, तिथे डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून ड्रिल मशीनने पंप फिरवता येतो. मात्र पंप कोणत्या दिशेने फिरतो हे आधी पाहून घ्यावे. ज्या इंजिनांत पंप थेट क्रँकवरच बसलेला आहे, तिथे सगळे प्लग काढावेत, कॉइलची जोडणी सोडावी, पेट्रोल बंद करावे, इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपाचा फ्यूज काढावा आणि सेल्फने इंजिन फिरवावे. प्लग काढल्यामुळे दाबाचा विरोध राहत नाही आणि बेअरिंगवर स्फोटाचा भारही पडत नाही. एका वेळी १५-२० सेकंदच सेल्फ मारावा, मग सेल्फला गार होऊ द्यावे आणि घड्याळाचा काटा उठून स्थिर होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे.

याहूनही चांगली रीत काही मेस्त्री वापरतात आणि ती मला फार आवडते. फवारणीचा नवा, औषधासाठी कधीही न वापरलेला पंप घेऊन त्यात इंजिन ऑइल भरायचे, त्याची नळी दिव्याच्या स्विचच्या भोकाला जोडायची आणि पंपाच्या दाबाने ऑइल सरळ इंजिनाच्या मुख्य मार्गात ढकलायचे. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या हेडवरचे झाकण) उघडे ठेवून एकाने क्रँकच्या नटावर पाना लावून इंजिन सावकाश दोन-तीन फेरे फिरवायचे, म्हणजे फिरत्या भागांतली भोके एकामागून एक मार्गासमोर येतात आणि कोणताही कोपरा कोरडा राहत नाही. थोड्या वेळाने प्रत्येक रॉकरपाशी (झडप दाबणाऱ्या तरफेपाशी) ऑइल झिरपताना डोळ्यांना दिसते. एखादा रॉकर कोरडाच राहिला तर मार्ग कुठेतरी तुंबला आहे किंवा एखादे गॅस्केट उलटे बसले आहे, हे इंजिन चालू करण्याआधीच कळते.

इथे थोडे मागे जाऊन धुलाईविषयी बोलले पाहिजे, कारण पहिल्या चालूची तयारी खरी तिथून सुरू होते. बोअर केल्यावर सिलेंडरच्या भिंतीवर होनिंगने तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. या रेघांत होनिंगच्या दगडाची आणि लोखंडाची भुकटी रुतून बसते. आपल्याकडे ब्लॉक रॉकेलने किंवा डिझेलने धुण्याची पद्धत आहे आणि त्याने हात लावल्यावर स्वच्छ वाटते, पण रुतलेली भुकटी त्याने निघत नाही, उलट ती रेघांत आणखी खाली बसते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि कडक ब्रश यांनी सिलेंडर घासून धुवावा, हवा मारून कोरडा करावा आणि लगेच पांढऱ्या सुती फडक्यावर ऑइल घेऊन पुसावा. पहिल्या पुसण्याला फडके राखाडी येईल. पुन्हा धुवावे, पुन्हा पुसावे, आणि फडके पांढरेच्या पांढरे परत येईपर्यंत थांबू नये. प्रशिक्षण देताना मी मुलांना इतर कशाहीपेक्षा या फडक्यावर जास्त गुण देत असे. धुतलेला ब्लॉक ऑइल न लावता तासभर जरी ठेवला तरी त्यावर तांबूस गंज धरतो, हेही लक्षात ठेवावे. ही भुकटी राहिली, तर ती ऑइलबरोबर फिरून रिंगा, बेअरिंग आणि पंप या तिन्हींना घासत राहते.

दुसरा नियम असा की, पहिल्यांदा सेल्फ मारल्यावर इंजिन लगेच पेटले पाहिजे. मिनिट-मिनिट सेल्फ मारत राहिल्यास सिलेंडरमध्ये जाणारे कच्चे पेट्रोल भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते आणि कॅमवर (झडपा उघडणाऱ्या दांड्यावर) बांधणीत लावलेली पेस्टही पुसली जाते. म्हणून टॅपेटची (झडपांच्या यंत्रणेतली) फट फिलर गेजने मोजून ठेवावी, पहिल्या सिलेंडरचा पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर आणून ठिणगीचे टायमिंग बसवावे आणि प्लगच्या वायरी क्रमाने लावल्याची खात्री करावी. पद्मिनीच्या चार सिलेंडरच्या इंजिनात हा क्रम १-३-४-२ असतो आणि मारुती ८०० च्या तीन सिलेंडरच्या इंजिनात १-३-२. कार्ब्युरेटरची वाटी आधीच पेट्रोलने भरून घ्यावी. बॅटरी पूर्ण चार्ज केलेली असावी आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी जागेवर असावी. रंग दिलेल्या ब्लॉकवर ती नीट लागत नाही आणि सेल्फ मरगळतो, हे अनेकदा घडते. रेडिएटर भरताना हीटर असल्यास त्याचा नळ उघडा ठेवावा, वरचा होजपाइप हाताने दाबून अडकलेली हवा बाहेर काढावी. हवा राहिली तर तापमानाचा काटा खोटे सांगतो, कारण सेन्सरच्या टोकाशी पाणीच नसते. गाडी मोकळ्या जागेत असावी, सायलेन्सरचा धूर बंद शेडमध्ये कोंडला तर तो माणसाच्या जिवावर बेततो. चाकांना दगड लावलेले असावेत आणि आग विझवण्याचे साधन हाताशी असावे.

थर्मोस्टॅटविषयी एक सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या हवेत त्याची गरज नाही, असे म्हणून तो काढून फेकून देण्याची सवय फार पसरली आहे. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन बराच काळ थंड चालते, पेट्रोल नीट जळत नाही, ते भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते आणि सिलेंडर झिजतो. नव्या बांधणीच्या इंजिनाला ८० ते ९० अंशांच्या आसपास स्थिर तापमान मिळणे अधिकच आवश्यक आहे, आणि इंजिनाच्या एकूण खर्चापुढे नव्या थर्मोस्टॅटची किंमत काहीच नाही.

आता प्रत्यक्ष पहिली वीस मिनिटे. इंजिन पेटल्याबरोबर नजर फक्त दाबाच्या घड्याळावर हवी. पाच-दहा सेकंदांत काटा उठला नाही तर तत्काळ बंद करावे आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा चालू करू नये. थंड इंजिनात मधल्या वेगाला ३-४ किलो दाब दिसणे चांगले लक्षण आहे. एकाने घड्याळे पाहावीत, दुसऱ्याने वाकून ऑइल, पाणी आणि पेट्रोल कुठे गळते का ते पाहावे. एक्झॉस्टवरचा रंग आणि हाताचे ऑइल जळून थोडा धूर व वास येतो, त्याने घाबरू नये.

इथे जुन्या आणि नव्या इंजिनांतला एक फरक महत्त्वाचा आहे. पद्मिनीसारख्या इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये असतो आणि त्याचे लोब (उंचवटे) टॅपेटच्या (झडपेकडे धक्का पोहोचवणाऱ्या भागाच्या) सपाट तळाशी घासत फिरतात. स्प्रिंगचा सगळा भार अगदी अरुंद रेषेवर येतो आणि तिथे पंपाचे ऑइल दाबाने पोहोचत नाही. फिरत्या क्रँकने उडवलेल्या ऑइलवरच त्या जागेचे भागते. स्लोवर (ॲक्सिलरेटर न देता) क्रँक हळू फिरतो, ऑइल कमी उडते आणि नवा कॅम पहिल्याच दिवशी खाल्ला जातो. म्हणून अशा इंजिनाच्या लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट लावावी आणि इंजिन पेटल्यावर ते स्लोवर न सोडता थेट २००० फेऱ्यांच्या आसपास न्यावे. पुढची २०-३० मिनिटे वेग १५०० ते २५०० च्या दरम्यान खाली-वर करत ठेवावा. टायमिंग किंवा कार्ब्युरेटरचे बारीक सेटिंग करायचा मोह या वेळात आवरावा; काही चुकीचे वाटले तर इंजिन बंद करून दुरुस्त करावे आणि उरलेली मिनिटे नंतर पूर्ण करावीत. ऑइलची निवडही इथे महत्त्वाची आहे. सपाट टॅपेटच्या इंजिनाला जस्त आणि फॉस्फरस असलेले झीजरोधक द्रव्य लागते, आणि सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस मारक ठरतो म्हणून आजच्या पातळ श्रेणींच्या ऑइलमध्ये त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केलेले असते. त्यामुळे जुन्या इंजिनात महागडे, पातळ, सिंथेटिक ऑइल घालणे म्हणजे त्याचे लाड नव्हेत. त्याला त्याच्या पुस्तकात सांगितलेल्या जाडीचे साधे मिनरल ऑइल घालावे.

सर्वांत जास्त नुकसान करणारी समजूत मात्र वेगळीच आहे. रिंगा बसाव्यात म्हणून गाडी चार-पाच तास स्लोवर उभी ठेवायची आणि पुढे हजार किलोमीटर ताशी चाळीसच्या वर न्यायची नाही, असा सल्ला आजही मोठ्या विश्वासाने दिला जातो. एके काळी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी लावून लोक गाडी रांगवत नेत, तेव्हापासूनचा हा वारसा आहे. त्या वेळच्या ऑइलचा दर्जा आणि भागांची घासाई पाहता त्यात तथ्य असेलही. पण रिंग कशी बसते, ते समजून घेतले तर हा सल्ला का टिकत नाही हे कळेल. रिंगेचा स्वतःचा ताण थोडाच असतो. तिला भिंतीवर खरा दाब मिळतो तो जळत्या वायूचा. तो वायू खोबणीतून रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो, तेव्हा होनिंगच्या रेघांची टोके आणि रिंगेची कड एकमेकांना घासून जुळतात. इंजिनावर भार असेल तरच हा दाब पुरेसा असतो. स्लोवर तो अगदी कमी असतो, रिंगेवरून ऑइल वर निसटते, भिंतीवर भाजते आणि त्याचा गुळगुळीत, चकचकीत थर होनिंगच्या रेघा भरून टाकतो. एकदा हा थर धरला की रिंगा पुढे कितीही किलोमीटर चालवले तरी बसत नाहीत.

आमच्या भागात शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या एका गृहस्थांच्या ओम्नीचे असेच झाले. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी एका गॅरेजकडून इंजिन बांधून घेतले. पिस्टन चांगल्या कंपनीचे होते, बोअरचे मापही मी नंतर तपासले तेव्हा बरोबर निघाले. गॅरेजने गाडी सकाळपासून दुपारपर्यंत आवारात स्लोवर लावून ठेवली होती आणि पुढे महिनाभर हळू चालवायला सांगितले होते. मुलांची गाडी असल्यामुळे ती तशीही गल्लीबोळांतून हळूच चालते, दर शंभर पावलांवर थांबते. दिवाळीच्या आत ऑइल पट्टीच्या खालच्या खुणेखाली जाऊ लागले आणि सकाळी चालू करताना निळा धूर दिसू लागला. हेड उतरवले तेव्हा सिलेंडरची भिंत आरशासारखी चकाकत होती आणि त्यावर होनिंगची रेघ शोधावी लागत होती. झीज म्हणावी अशी नव्हतीच. फक्त पुन्हा होनिंग करून नव्या रिंगा टाकाव्या लागल्या, पण त्यासाठी इंजिन पुन्हा उतरले, गॅस्केटचा संच पुन्हा आला, मजुरी पुन्हा गेली आणि पंधरवडाभर त्या गृहस्थांचा धंदा बंद राहिला. रोज कमावून रोज खाणाऱ्या माणसाला हा फटका लहान नाही.

योग्य रीत अशी की, पहिली तपासणी आटोपली, इंजिन गरम झाले, गळती नाही याची खात्री झाली, की गाडी लवकरात लवकर रस्त्यावर काढावी. मोकळ्या, सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरात ताशी ३० वरून ५५-६० पर्यंत ठाम हाताने ॲक्सिलरेटर देत न्यावी आणि मग ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरातच तिला आपोआप ३० वर येऊ द्यावे. वेग वाढताना वायूचा दाब रिंगांना भिंतीवर दाबतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सिलेंडरमध्ये ओढ निर्माण होऊन ऑइल वर येते, ते घासलेल्या जागा गार करते आणि सुटलेले कण धुऊन नेते. असे दहा-बारा वेळा केले की रिंगा बसण्याचे बरेचसे काम तिथेच होते. त्यानंतर पहिले ५०० किलोमीटर एकाच वेगाने लांबवर चालवू नये, म्हणजेच महामार्गावर तासन् तास ८० वर काटा ठेवून जाऊ नये. इंजिन टोकापर्यंत ताणू नये आणि वरच्या गिअरात गुदमरवतही चालवू नये. वेग बदलता ठेवणे एवढेच सांभाळायचे आहे.

कोल्हापुरात इंजिन बांधले की गाडी आधी जोतिबाला न्यायची, ही आमची श्रद्धा आहे आणि ती मलाही मान्य आहे. पण पाच-सहा माणसे बसवून, पहिल्याच दिवशी, दुपारच्या उन्हात तो डोंगर चढवला तर नवे, घट्ट इंजिन तापते आणि अशा तापण्यात पिस्टन धरतो (सिलेंडरमध्ये अडकून बसतो). दर्शन पहिल्या दिवशीच घ्यायचे असेल तर एक-दोघांनीच, सकाळच्या गारव्यात, खालच्या गिअरात, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवून जावे. सगळ्या कुटुंबाला घेऊन पहिले ऑइल बदलल्यानंतर जावे. करूळ किंवा आंबा घाटाने कोकणात उतरण्याचा बेतही तोवर पुढे ढकलावा.

पहिले ऑइल आणि फिल्टर वीस-तीस मिनिटांच्या पहिल्या चालीनंतरच काढावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि नेमके याच खर्चाला मालक सर्वांत जास्त नाखूश असतात. ऑइल नवे दिसते, मग ते का ओतायचे, असे त्यांना वाटते. त्यांना मी काढलेला फिल्टर कापून दाखवावा असे म्हणतो. आतला कागद उलगडून उन्हात धरला की बांधणीची सगळी हकिकत त्यावर असते. राखाडी काळपट लेप असेल तर ती कॅमला लावलेली पेस्ट आहे, तिची काळजी नाही. केसासारखे बारीक चमकणारे थोडे कण पहिल्या वेळी दिसणारच. मात्र नखाला लागतील असे तुकडे असतील तर चुंबक जवळ न्यावा; ते चिकटले तर पोलाद किंवा बीड आहे, म्हणजे कॅम, टॅपेट किंवा रिंगांकडे पाहावे, आणि न चिकटणारे पांढुरके किंवा तांबूस तुकडे असतील तर बेअरिंग बोलते आहे. त्या क्षणी चेंबर उतरवला तर शेलवर भागते. दुर्लक्ष केले तर क्रँक जातो. पुढे ५०० किलोमीटरला पुन्हा ऑइल-फिल्टर बदलावे, टॅपेट पुन्हा मोजावेत आणि कंपनीने सांगितले असेल अशाच इंजिनात थंड स्थितीत हेडचे स्टड टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. दर वेळी पेट्रोल भरताना ऑइलची पट्टी पाहावी. हजार-दीड हजार किलोमीटरला प्रत्येक सिलेंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून लिहून ठेवावे. सिलेंडरा-सिलेंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नसावा.

नव्या गाडीला कंपनी एवढे काही सांगत नाही, मग बांधलेल्या इंजिनालाच का, असा प्रश्न विचारला जातो. कारखान्यात सिलेंडरची होनिंग टप्प्याटप्प्याने करून रेघांची टोके आधीच सपाट केलेली असतात, इंजिन चालवून तपासलेले असते. आपल्या लेथवर ६८ मिलिमीटरचा बोअर करून, हातातल्या होनने रेघा पाडून आलेल्या ब्लॉकची गोष्ट वेगळी आहे. कारखान्यात झालेले ते काम इथे गाडीच्या पहिल्या काही तासांना करायचे असते.

यातून माझ्या तीन विनंत्या आहेत. प्रशिक्षण संस्थांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत इंजिन खोलणे आणि जोडणे तपासले जाते, त्यात ऑइलचा दाब आधी आणणे आणि फिल्टर कापून वाचणे याही गोष्टी प्रत्यक्ष करून घ्याव्यात. मालकांनी इंजिनाच्या कामाचे पैसे ठरवताना पहिल्या चालूसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी आणि जादा ऑइल-फिल्टरचा खर्च वेगळा धरावा, आणि त्या दिवशी गाडी न्यायची घाई करू नये. मेस्त्रीवर घाई लादायची आणि नंतर त्यालाच जबाबदार धरायचे, हा न्याय नाही. गॅरेजच्या मालकांनी बिलावर नुसते ‘इंजिन काम’ एवढे न लिहिता प्रत्येक सिलेंडरचे माप, बेअरिंगची फट, रिंगेच्या टोकांतली फट, पहिल्या चालूच्या वेळचा ऑइलचा दाब आणि घातलेल्या ऑइलची श्रेणी या नोंदी लिहून द्याव्यात. वाद झालाच तर त्या नोंदी चांगल्या मेस्त्रीचे रक्षण करतील आणि पुढे इंजिन उघडणाऱ्या कारागिराला उपयोगी पडतील. अशा नोंदींचा एक पानी मराठी नमुना मी तयार केला आहे. ज्या गॅरेजला तो हवा असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी तो विनामूल्य पाठवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
कोल्हापूर